एका चुलीमागे एक सोंग

माझे भावोजी वामन कंपाउंडर हे तळवलीतले सगळ्यांत गंभीर गृहस्थ. एका शिमग्याला त्यांना अख्ख्या आळीसमोर येडं व्हावं लागलं, त्याची ही गोष्ट आहे. मी त्यांची धाकटी मेहुणी, सरस्वती, त्याच आळीत दिलेली. भावोजींची टिंगल करायचा हक्क मेहुणीला लग्नाच्या मांडवातच मिळतो, आणि मी तो आजवर व्याजासकट वसूल केला आहे. तेव्हा मी जे सांगीन त्यात थोडं तिखट जास्त असेल, पण खोटं नसेल.

भावोजी उंच, काटकुळे, केसांचा भांग मधोमध. ठाणे-बेलापूर रोडला फाट्यावर कुटिनो डॉक्टरांचा दवाखाना होता, तिथे ते कंपाउंडर. पांढराशुभ्र कोट घालून औषधांच्या बाटल्यांना डोसाच्या कागदी पट्ट्या चिकटवायचे. पट्टी एक केसभर वाकडी लागली तर काढून पुन्हा लावायचे. पेशंट तोवर खोकत बसलेला असायचा. घरीही तेच. माझी ताई रखमा, म्हणजे त्यांची बायको, चहा घेऊन आली की आधी कप ढवळायचे आणि म्हणायचे, "हलवून घेतलेला बरा." नवी नवरी होती तेव्हा एकदा ताईने लाजत विचारलं, मी तुमाला आवडते का. भावोजी विचार करून म्हणाले, "गुण येतोय."

डॉक्टरांच्या चिठ्ठीवरची अक्षरं वाचता वाचता त्यांना थोडं लॅटिन यायला लागलं होतं. दिवसातून तीनदा म्हणजे 'तेर दिए', जेवणानंतर म्हणजे 'पोस्त सिबुम', असं. त्यांची अशी पक्की समजूत होती की जगात जे काही बरं होतं ते लॅटिनमध्ये सांगितल्यामुळेच होतं.

याच्या अगदी उलट त्यांचा थोरला भाऊ गोटीराम. त्याला सगळे दादूस म्हणत. अंगाने धिप्पाड, भावोजींहून उंच, पोट सुटलेलं. आधी मिठागरावर आणि भातशेतीत राबला. जमिनी नव्या शहरात गेल्यावर एका कंपनीच्या गेटवर वॉचमन लागला. खाकी शर्ट, गळ्यात शिट्टी. गेटवर आलेल्या प्रत्येकाला तो दरडावून पास विचारायचा, आणि पास नसला तरी आत सोडायचा. बाप लवकर गेला. भावोजी लहान असताना हाच दादूस त्यांना खांद्यावर बसवून बांधावरच्या चिखलातून शाळेत पोचवायचा. चिखल दादूसच्या गुडघ्यापर्यंत, आणि भावोजींच्या पायाला थेंबही नाही. त्या स्वच्छतेची सवय त्यांना तिथूनच लागली, असं माझं मत आहे.

आता आमच्या आळीची रीत सांगते. होळीला प्रत्येक चुलीमागे एक गोवरी द्यायची, आणि दुसऱ्या दिवशी धुळवडीला प्रत्येक चुलीमागे एक सोंग. म्हणजे त्या घरातल्या एका माणसाने पटांगणात येऊन येडेपणा करायचा, आळीला हसवायचं. ज्या चुलीचं सोंग आलं ती चूल मोजली. नाही आलं, तर त्या घराला वर्षभर हळदीचं बोलावणं नाही, नैवेद्यात वाटा नाही. आणि सोंगाला कापड दुसऱ्या चुलीचं हवं, तेही मागून आणलेलं. कुणी जावेचं लुगडं मागतो, कुणी शेजाऱ्याची टोपी. मागितल्याशिवाय माणसं जोडलेली राहत नाहीत, असं आळीतली सर्वांत जुनी बाई, दुर्गाबाई, म्हणायची. गोवऱ्या गोळा करायचा आणि चुली मोजायचा मान तिचाच होता.

वामन आणि गोटीराम यांची चूल एकच होती तोवर काळजी नव्हती. घराचं सोंग म्हणजे दादूस. एका वर्षी तो नवरी होऊन आला आणि त्याने लग्न ठरलेल्या एका खऱ्या नवऱ्यामुलाला पटांगणातून पळवून लावलं. भावोजी त्या वेळी लांब उभे राहून घड्याळ बघत होते.

मग एक्याऐंशी साली गणपती झाल्या झाल्या वाकट्यांवरून भांडण झालं. वाकट्या म्हणजे सुकी मासळी, दोरीवर लांबच लांब वाळत घालतात ती. दादूसची बायको, ताईची मोठी जाऊ बयाबाई, हिने त्या भावोजींच्या कोटाच्या दोरीवर घातल्या. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात गोजरा नावाची पेशंट भावोजींच्या हातून बाटली घेताना म्हणाली, "वामनदादा, औशदाला वाकटीचा वास येतोय. भाकरीबरोबर खाऊ का?" दवाखाना हसला. भावोजी घरी आले ते पांढरेफटक. ते एक बोलले, बयाबाई दोन बोलली, माझी ताई बारा बोलली. आमच्या माहेरची जीभच तशी आहे. संध्याकाळी ताईने तीन विटा उचलल्या, आमच्या घरापलीकडची रिकामी खोली धरली आणि वेगळी चूल मांडली. मधे आमचं घर, अलीकडे बयाबाईची दोरी, पलीकडे रखमाताईची. माझ्या मागच्या दारातून दोन्ही दिसायच्या. मला नाटक बघायला तिकीट काढावं लागत नव्हतं.

चूल मांडली खरी, पण मोजली जायला शिमगा यावा लागणार होता. ताईला दुसरं काही नको होतं. लग्न होऊन आली तेव्हापासून ती बयाबाईच्या चुलीला फुंकर घालत होती. आता तिची स्वतःची होती, आणि ती आळीने मोजावी एवढंच तिचं म्हणणं. ती भावोजींना म्हणाली, "औंदा सोंग तुमी घ्यायचं."

भावोजींना ठसका लागला. त्यात आणखी एक रीत आडवी आली. चूल नवी फुटली की पहिल्या वर्षी सोंगाचं कापड मूळ चुलीचंच मागायचं. म्हणजे भावोजींनी दादूसच्या दारात जाऊन "कापड दे" म्हणायचं. ज्याच्याशी गणपतीपासून बोलणं नाही, त्याच्याकडे.

"मागणं नंतर बघू," भावोजी म्हणाले. "आधी मना येडेपना येतो का ते बगू."

आला नाही. आमच्या घरात त्यांनी पहिला प्रयोग केला. माझ्या नवऱ्यासमोर, नामदेवसमोर, ते उभे राहिले, डोळे तिरळे केले आणि जीभ बाहेर काढली. नामदेवने धावत जाऊन चमचा आणला आणि त्यांच्या दातांत घातला. त्याला वाटलं फिट आली.

शेवटी भावोजी कुटिनो डॉक्टरांकडे गेले. डॉक्टर वयस्कर, जाडजूड, नाकावर चष्मा. तरुणपणी पाद्री व्हायला निघाले होते, पण प्रार्थनेत हसू आवरेना म्हणून परत आले आणि डॉक्टर झाले, असं ते स्वतःच सांगायचे. भावोजींनी आपली तक्रार एखाद्या दुखण्यासारखी सांगितली. डॉक्टरांनी ऐकून घेतलं, त्यांचं पोट हललं, मग ते म्हणाले, "वामन, देसिपेरे."

"दिवसातून किती येला?" भावोजींनी विचारलं.

"अरे, औषध नाही, क्रियापद आहे. लॅटिनच. देसिपेरे म्हणजे वेडेपणा करणं, खुळ्यासारखं वागणं. आमचे म्हातारे मास्तर रोज मला खडू फेकून मारायचे आणि म्हणायचे, देसिपिस, कुटिनो. येडेपणा करतोस तू." आणि त्यांनी शब्द सोलून दाखवला. सापेरे म्हणजे चव असणं, चव कळणं. ज्याला चव कळते तो शहाणा. त्याच्या पुढे 'दे' लागलं की चव सुटली, माणूस खुळा झाला.

भावोजी मिठागरवाल्याचं पोर. ते म्हणाले, "म्हंजे मीठ इसरलेला कालवन."

"तसंच. पण तू मुद्दाम विसरायचं. स्वयंपाक येणाऱ्यानेच."

लॅटिनमध्ये आहे म्हटल्यावर भावोजींचा विश्वास बसला. त्यांनी त्याचा कोर्सच सुरू केला. सकाळी दाढी करताना 'देसिपिओ', मी येडेपणा करतो. अंघोळीला 'देसिपिस', तू करतोस. चहाला 'देसिपित', तो करतो, ती करते. 'देसिपिमुस'पाशी मात्र अडले. डॉक्टर म्हणाले, याचा अर्थ आम्ही येडेपणा करतो.

"आमी का आपून?" भावोजींनी विचारलं.

"लॅटिनमध्ये दोन्हीला एकच आहे."

"मंग समोरचा त्यात धरलाय का नाय, ते कसं कललं?"

"बोलणाऱ्याच्या तोंडाकडे बघून," डॉक्टर म्हणाले आणि पुढचा पेशंट बोलावला.

पुढे 'देसिपितिस' म्हणजे तुम्ही, 'देसिपिउंत' म्हणजे ते. दवाखान्यात बसून बसून पेशंटांनाही पाठ झालं. गोजरा वळणाच्या वाटेने जाताना शेतातल्या बायकांना ओरडून सांगायची, देसिपिउंत, आणि त्या बायका आपापसात भांडायच्या की ही नक्की कुणाला म्हणाली. भूतकाळही झाला. 'देसिपिएबाम', मी येडेपणा करत होतो. यावर भावोजींनी बराच वेळ विचार केला आणि मान हलवली, आपण कधीच करत नव्हतो म्हणाले. भविष्यकाळ मात्र त्यांना फार आवडला. 'देसिपिआम', मी येडेपणा करीन. "ह्ये बरंय," ते म्हणाले, "घाई नाय." आणि होळीपर्यंत महिनाभर ते भविष्यकाळातच राहिले. ताई त्यांना रोज विचारायची, "दादूसकडं कापड मागितलात?" आणि ते रोज सांगायचे, "मागीन."

इकडे दादूसची गंमत वेगळीच. तो रोज संध्याकाळी ओटीवर बसायचा. शेजारी त्याचा खाकी शर्ट धुऊन, इस्त्री करून, घडी घालून ठेवलेला, वर शिट्टी. तो आयुष्यात कधी इस्त्री न केलेला माणूस. भावोजी दवाखान्यातून येताना दिसले की दादूस शर्ट जरासा पुढे सरकवायचा आणि आढ्याकडे बघायचा. भावोजी कोट खांद्यावर टाकून, मान ताठ करून पुढे जायचे. मग दादूस शर्ट मागे घ्यायचा. मी दारातून बघायचे आणि मला हसूही यायचं आणि दोघांच्या टाळक्यात पाणी ओतावंसंही वाटायचं. एकदा मी दादूसला म्हटलं, "देऊन टाक ना." तो म्हणाला, "मागितल्याबिगर कसा देऊ? रीत हाय." भावोजींना म्हटलं, "मागा ना." ते म्हणाले, "तोंडातून येत नाय." खरंच येत नव्हतं. दादूसने त्यांना सगळं न मागता दिलं होतं, मागायची सवयच नव्हती.

होळीच्या दिवशी दुर्गाबाई गोवऱ्या मागत फिरली. रखमाताईने सगळ्यांत गोल, सगळ्यांत सुकी गोवरी निवडून ठेवली होती. दुर्गाबाईने ती घेतली, पण टोपलीत टाकली नाही, काखेत धरली. "सोंग आलं तर जालीन," ती म्हणाली. त्या संध्याकाळी होळीत सगळ्यांच्या गोवऱ्या पेटल्या, बयाबाईचीही पेटली. ताईची दुर्गाबाईच्या काखेत राहिली. ताई घरी येऊन चुलीपुढे बसली आणि विटेवरून हात फिरवत राहिली. मला तिचं फार वाईट वाटलं.

धुळवडीच्या दुपारी ढोल वाजायला लागला. आळी पटांगणाकडे निघाली. भावोजी खोलीत भिंतीशी उभे. ताई दारात आली. महिनाभर ऐकून ऐकून तिलाही लॅटिन आलं होतं.

"देसिपे," ती म्हणाली. म्हणजे येडेपणा कर, असा हुकूम. "नायतर आज चूल पेटनार नाय."

भावोजी मागच्या दाराने बाहेर पडले. मीही माझ्या मागच्या दारात गेले, कारण मी कधी काही चुकवत नाही. ते वाकून, कुंपणाच्या कडेने, दादूसच्या ओटीकडे चालले होते. ओटीवर इस्त्रीचा शर्ट आणि शिट्टी होती, दादूस नव्हता. भावोजींनी इकडेतिकडे पाहिलं, शर्ट आणि शिट्टी उचलली आणि पळाले. सरळ चोरी. मी तोंडात पदर कोंबला. तेवढ्यात माझी नजर दुसरीकडे गेली. पलीकडे रखमाताईच्या दोरीपाशी दादूस वाकून, कुंपणाच्या कडेने आला होता. त्याने दोरीवरचा पांढरा कोट ओढला, काखेत मारला आणि पळाला. मी ओरडले असते तर दोघेही थांबले असते. मी कशाला ओरडू?

पटांगणात सोंगं चालली होती. कुणी अस्वल, कुणी पुढारी. आळीतला सदू पुढारी होऊन सगळ्यांना नळाचं पाणी देतो म्हणत होता, आणि बादली उलटी धरत होता. त्यात दादूस आला.

तो कोट त्याला दंडात शिरेना, बटणं लागेनात. भांग मधोमध पाडलेला. आणि चालणं हुबेहूब भावोजींचं, पायाखाली चिखल असल्यासारखं. लोकांनी ओळखलं आणि ढोलवाल्याने ढोल सोडून दिला. दादूसने खिशातून रुमाल काढला, तो कोपऱ्याला कोपरा लावून घडी केला, एक बोट पुसलं, पुन्हा घडी केली, दुसरं बोट पुसलं. दुर्गाबाईच्या तोंडाशी मोजायचा ग्लास धरून म्हणाला, "हसा. दोन चमचे. जेवनानंतर." आणि दर थोड्या वेळाने कोटाची बाही नाकाशी नेऊन हुंगायचा, दचकायचा, पुढच्याच्या नाकाला लावायचा आणि हळूच विचारायचा, "वास येतो का?" बायका जमिनीवर बसल्या. बयाबाई एवढी हसली की तिला उचकी लागली. रखमाताई मात्र हसली नाही. ती भावोजींची वाट बघत होती.

तोच वेशीकडून शिट्टी वाजली.

भावोजी आले. खाकी शर्ट त्यांच्या गुडघ्याच्या थोडाच वर, बाह्या हातांच्या पुढे लोंबत. त्यांनी वाटेत उभं राहून येणाऱ्या प्रत्येकाला अडवायला सुरुवात केली. "ए, पास हाय का? नाय? मंग जा आतमदी." दुसऱ्याला, "पास हाय? हाय? मंग कशाला थांबलास, जा आतमदी." कुत्रं आलं. "पास?" कुत्र्याने शेपूट हलवली. "साहेबाचा मानूस दिसतोस, जा." आवाज दादूसचा, खाकरणं दादूसचं, पोट नसताना पोट खाजवणं दादूसचं. हा माणूस इतकी वर्षं घड्याळ बघत उभा होता असं आम्हाला वाटायचं. तो भावाकडे बघत होता. एकेक लकब त्याने आत जपून ठेवली होती. मुद्दाम बघायला आलेले कुटिनो डॉक्टर खुर्चीवरून घसरले, आणि त्यांना उचलायला कुणी गेलं नाही, कारण उचलणारेही पडले होते.

असे पास विचारत विचारत भावोजी पटांगणाच्या मध्यावर आले आणि समोर कोट आला. दोघांनी एकमेकांना पाहिलं. दोघांनाही आपापले कपडे ओळखू आले. हसू हळूहळू थांबलं. आता भांडण होणार असं वाटून ढोलवाला दोन पावलं मागे सरला.

भावोजींनी घसा खाकरला. दादूससारखाच.

"पास?"

दादूस भावोजींच्या बारीक आवाजात म्हणाला, "मी वामन. कंपाउंडर."

"वामन?" भावोजी म्हणाले. शिट्टी त्यांच्या हातात होती, ती त्यांनी सोडली. "वामन तं माजा भाव हाय. त्याला पास लागत नाय."

दादूसने बाही नाकाशी नेली, हुंगली आणि त्याच बारीक आवाजात म्हणाला, "दादूस, कोटाला वास येतोय. पन ऱ्हाऊ दे."

मी रडले. सांगायला लाज कसली? अर्धी आळी रडत होती आणि अर्धी हसत होती, आणि कोण काय करतंय ते कळत नव्हतं. पण दुर्गाबाई रीतीची पक्की. काखेतली गोवरी हातात घेऊन ती मधे आली.

"सोंगं बेस झाली. कापडं मागून आनलात का?"

भावोजी जमिनीकडे बघत म्हणाले, "चोरून."

"तू रे?"

"मी पन," दादूस म्हणाला.

"मंग दोन चुली कशा मोजू?" दुर्गाबाई म्हणाली. "दुसऱ्याच्या घरात मागतात. न इचारता उचलतात ते आपल्या घरात. ही एकच चूल."

मी ताईकडे बघितलं. तिचा चेहरा उतरला होता. भाऊ भेटले होते, सगळे खूश होते, आणि तिच्या तीन विटा गेल्या होत्या. "मंग माजी चूल?" ती एवढंच म्हणाली.

तेव्हा बयाबाई उठली. उचकी अजून थांबली नव्हती. ती म्हणाली, "माजी गोवरी तं कालच जलून गेली. राख झाली तिची. एकच चूल मोजायची ना? मंग रखमाची मोजा." पुन्हा उचकी आली. "मी वीस वर्सं रांधतेय. आता जेवाला तिच्याकडं येईन."

दुर्गाबाईने ताईकडे बघितलं. ताईने जावेच्या डोळ्यांत बघितलं.

"चालंल," ती म्हणाली. "पन वाकट्या दुसऱ्या दोरीवर."

दुर्गाबाईने गोवरी होळीच्या धुमसत्या राखेत ठेवली आणि आम्ही सगळे ती पेट घेईपर्यंत उभे राहिलो. त्या संध्याकाळी ताईच्या तीन विटांवर दोन्ही घरांचं जेवण शिजलं. बयाबाई पाय पसरून बसली होती आणि मीठ कमी आहे म्हणून सांगत होती.

दुसऱ्या दिवशी भावोजी दवाखान्यात गेले. मी मुद्दाम डोकं दुखायचं निमित्त काढून मागोमाग गेले. डॉक्टरांनी आतून विचारलं, "काय वामन, कालचं काय म्हणायचं?"

"देसिपिमुस," भावोजी म्हणाले. मग जरा थांबून, "आपून."

कोट तोच होता. दादूसने रात्री तो धुऊन सवयीने बयाबाईच्या दोरीवर टाकला होता, वाकट्यांच्या शेजारी. भावोजींनी बाटलीला पट्टी लावली, पुढे केली, आणि गोजराने ती घेताना नाक वर केलं.

"वामनदादा, परत वास येतोय."

भावोजींनी पट्टी नीट आहे का ते पाहिलं.

"येनारच," ते म्हणाले. "घरचा हाय."